कुंभार्ली घाटातला पिवळा दिवा

वाचक हो, कराडहून चिपळूणला जाणारा रस्ता तुमच्यापैकी अनेकांच्या पायाखालचा असेल. कोणी एस.टी.ने गेला असाल, कोणी टेम्पोत कांदा-बटाटा भरून कोकणच्या बाजाराला गेला असाल, आणि येताना नारळाचे पोते किंवा सुक्या मासळीची पाटी घेऊन आला असाल. माझी थोरली बहीण चिपळूणजवळच्या एका खेड्यात दिलेली असल्यामुळे गेली तीस वर्षे हा रस्ता मी तुडवतो आहे. पण २०२३ च्या दिवाळीत याच रस्त्यावर मला जो धडा मिळाला तो आधीच्या तीस वर्षांत मिळाला नव्हता. तो गाडीतल्या बोटभर पिवळ्या दिव्याने दिला. तुमच्या दारात एखादी जुनी पेट्रोल गाडी असेल तर त्याचा थेट उपयोग होईल. गाडी नसेल तरी वाचा, कारण शेवटी गोष्ट तुमच्या रानातच येऊन थांबते.

पाडव्याच्या दिवशी दुपारी जेवून आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. अक्का पासष्टीच्या पुढे गेली, पण भाऊबीजेला भाऊ दारात दिसला नाही तर तिच्या घशाखाली घास उतरत नाही. गाडी २०१४ सालची, लहान, पेट्रोलवर चालणारी, मी दुसऱ्या हाताने घेतलेली. सौ. शेजारी बसल्या होत्या आणि मागच्या सीटवर चकली, अनारशांचे डबे होते.

निघण्याआधी महिनाभर या गाडीने मला एकदा खर्चात पाडले होते. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा, ज्याला आपण ‘चेक इंजिन’ म्हणतो, तो अचानक लागला. मी तालुक्याच्या गावी एका गॅरेजात गेलो. तेथील मुलाने स्टेअरिंगखाली एक यंत्र जोडले, पडद्यावर पाहिले आणि म्हणाला, “साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेला.” मी मान डोलावली. नवा सेन्सर बसला, तीन हजार चारशे रुपये गेले, दिवा विझला. जुना सेन्सर त्याने कागदात गुंडाळून मला परत दिला, तो मी डिकीत टाकला. काम झाले असे मी समजलो.

कराड सोडले की कोयना नदी डाव्या-उजव्या हाताने सोबत करते. खरे तर आपण तिच्या उलट दिशेने चाललेलो असतो. ही नदी महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते, दक्षिणेला वाहत येते, हेळवाकाजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. पाटणच्या खोऱ्यात भाताची झोडणी चालू होती. त्या साली पाऊस कमी झालेला, त्यामुळे खळी लहान दिसत होती. कोयनानगर आले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आठवणारी माणसे या भागात अजून आहेत. धरणाच्या शिवसागर जलाशयात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. त्यातले बरेचसे पाणी नदीच्या वाटेने खाली न येता डोंगराच्या पोटातून पश्चिमेला जाते, पोफळीच्या बाजूच्या वीजघरांत चाके फिरवते आणि मग वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळते.

कोयनानगरच्या पुढे कुंभार्ली घाट लागतो. घाटमाथ्यावर एका बाजूला देशावरचे कोरडे वारे आणि समोर कोकणचा दमट हिरवा उतार. पहिले वळण घेतले आणि तोच पिवळा दिवा पुन्हा लागला.

सौ. म्हणाल्या, “तुमचे तीन हजार चारशे परत आले बघा.”

आता येथे थांबून एक गोष्ट सांगतो. हा दिवा दोन प्रकारे लागतो. स्थिर लागला असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तेलाचा लाल दिवा लागला नसेल, तापमान चढले नसेल, तर गाडी जपून पुढे नेता येते, पण लवकर दाखवली पाहिजे. तोच दिवा फडफडू लागला, म्हणजे लुकलुकू लागला, तर इंजिनात ठिणगी चुकते आहे आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जात आहे असे समजावे. तेव्हा वेग एकदम कमी करावा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी. माझा दिवा स्थिर होता.

मी एका रुंद वळणावर गाडी बाजूला घेतली, पण वाळू लागलेल्या गवतावरून पुढे काढून मुरमावर उभी केली. हेही ध्यानात ठेवा. अलीकडच्या सगळ्या पेट्रोल गाड्यांत धूर स्वच्छ करणारा एक डबा असतो, त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. काही गाड्यांत तो इंजिनाला लागूनच असतो, काहींत गाडीच्या पोटाखाली. तो कित्येकशे अंशांपर्यंत तापतो. उसाच्या पाचटावर, कडब्यावर किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करणे म्हणजे काडी पेटवून ठेवण्यासारखे आहे.

बोनेट उघडून पाहिले. तेल होते, पाणी होते, काही गळत नव्हते. मग हळूहळू घाट उतरलो. पोफळी, अलोरे, शिरगाव मागे पडले आणि दिवेलागणीला अक्काच्या अंगणात पोहोचलो. रांगोळी काढून ती ओटीवरच बसली होती.

भाचा म्हणाला, “मामा, चिपळुणात एक गॅरेज दिवाळीतही उघडं असतं. मिस्त्री जुना माणूस आहे. पण एक अट आहे, गाडी रात्रभर गार झालेली हवी, तो गरम गाडी बघत नाही.” मला ही अट जरा विचित्र वाटली. त्यांना फोन केला तर म्हणाले, “उद्या सकाळी मीच येतो, गाडी जागची हलवू नका. चावीसुद्धा लावू नका.”

सकाळी अभ्यंगस्नान झाले न झाले तोच मिस्त्री मोटरसायकलवर आले. साठीच्या घरातला माणूस, पिकलेली दाढी, हातात एक पिशवी. आल्या आल्या त्यांनी गाडीकडे न जाता मला प्रश्न विचारले. दिवा पहिल्यांदा केव्हा लागला? त्याआधी गाडीचे काय काम केले होते? ॲव्हरेज किती होते, आता किती आहे? सकाळी पहिल्यांदा सुरू करताना काही आवाज येतो का?

पहिल्या तिन्ही प्रश्नांना मी उत्तरे दिली. ॲव्हरेज लिटरला अठराचे चौदावर आले होते. चौथ्या प्रश्नाला मी “नाही” म्हणालो.

सौ. दारातून म्हणाल्या, “येतो की. शिलाई मशीनसारखा टिकटिक आवाज येतो. दोन मिनिटांनी थांबतो. मी यांना दोनदा सांगितलं.”

मिस्त्री हसले. “वहिनी, गॅरेजात तुम्ही जायला हवं होतं,” म्हणाले.

त्यांनी गाडी सुरू केली आणि बोनेटखाली कान दिला. टिक-टिक-टिक आवाज स्पष्ट येत होता. इंजिन तापत गेले तसा तो मंदावला आणि थांबला. मग त्यांनी पिशवीतून स्कॅनर काढला. स्टेअरिंगखाली सोळा टोचण्यांची एक खाच असते. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ गाड्यांत ती आणि तिच्यामागची ओबीडी-२ नावाची व्यवस्था असते. स्कॅनर तेथे जोडला की गाडीचा संगणक आपली तक्रार सांगतो. पडद्यावर कोड आला: पी ०१७१.

मिस्त्रींनी तो कोड, आणि दिवा लागला तेव्हाचे इंजिनाचे तापमान, वेग, फेरे हे सगळे एका वहीत उतरून घेतले. “कोड पुसला की हेही पुसलं जातं. आधी लिहायचं,” ते म्हणाले. मग मला विचारले, “साहेब, याचा अर्थ काय सांगितला होता तुम्हाला?”

“सेन्सर गेला म्हणून.”

“हा कोड सेन्सर गेला असं म्हणतच नाही. मिश्रण पातळ आहे, एवढंच म्हणतो.”

वाचक हो, मिस्त्रींनी त्या दिवशी अंगणात बसून जे समजावले ते माझ्या शब्दांत सांगतो.

एक किलो पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा जास्त झाली तर मिश्रण पातळ, पेट्रोल जास्त झाले तर मिश्रण दाट. फवारणीच्या पंपात औषध किती आणि पाणी किती हे आपण जसे मापाने घालतो, तसेच हे माप इंजिनाला प्रत्येक क्षणी जपावे लागते. माप बरोबर पडले की नाही हे कळण्यासाठी धुराच्या वाटेवर एक छोटा पाहारेकरी बसवलेला असतो, तो म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. १९७६ साली बॉश कंपनीने तो पहिल्यांदा व्होल्व्हो गाडीत बसवला. त्याच्या टोकाला झिरकोनिया नावाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाची टोपी असते. ती सुमारे तीनशे अंशांच्या पुढे तापली की धुरातला प्राणवायू आणि बाहेरच्या हवेतला प्राणवायू यांत किती फरक आहे त्याप्रमाणे अगदी थोडी वीज तयार करते. धुरात प्राणवायू उरला असेल, म्हणजे मिश्रण पातळ, तर आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास. प्राणवायू उरला नसेल, म्हणजे मिश्रण दाट, तर ०.९ च्या आसपास. धडधाकट गाडीत हा आकडा वरखाली झुलत राहतो. संगणक तो पाहतो आणि पेट्रोल कमी-जास्त करतो.

कोडची भाषाही अवघड नाही. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरचा भाग. त्यापुढचे शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड. त्यापुढे १ असेल तर हवा-पेट्रोलची बाब, ३ असेल तर ठिणगीची, ४ असेल तर धूर स्वच्छ करण्याची. तुमच्या वहीत उतरवून ठेवावेत असे काही कोड देतो:

पी ०१३० ते पी ०१३४: पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या संदेशाची तक्रार. ०१३१ म्हणजे आकडा सतत खाली, ०१३२ म्हणजे सतत वर, ०१३३ म्हणजे सेन्सर सुस्त, ०१३४ म्हणजे काहीच हालचाल नाही.

पी ०१३५: सेन्सर तापवणाऱ्या आतल्या हीटरची तक्रार. आधी फ्यूज पाहावा, मग वायर. धान्याच्या कोठीजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदराने वायर कुरतडली आहे का ते पाहावे.

पी ०१३६ ते पी ०१४१: याच तक्रारी, पण कन्व्हर्टरच्या पलीकडे बसवलेल्या दुसऱ्या सेन्सरच्या.

पी ०१७१ आणि पी ०१७२: मिश्रण पातळ आणि मिश्रण दाट.

पी ०४२०: कन्व्हर्टर आपले काम नीट करत नाही अशी शंका.

पुन्हा अंगणात येऊ. मिस्त्रींनी स्कॅनरवर मला एक आकडा दाखवला. संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो आहे त्याचा तो आकडा. गाडी जागेवर संथ चालू असताना तो अधिक २२ होता. फेरे अडीच हजारांवर नेले तर अधिक ८ वर आला. चांगल्या गाडीत तो शून्याच्या जवळ, पाचेक टक्क्यांच्या आतबाहेर असतो. मी विचारले, इथेनॉलमुळे तर नाही ना? ते म्हणाले, इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे थोडा आकडा वाढतो, पण तो असा बावीसवर जात नाही आणि फेरे वाढवल्यावर असा उतरतही नाही. (आता २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. आपल्याच उसाचे ते पोर. जुन्या गाडीचा आकडा त्याने चार-पाच टक्के सरकू शकतो, हे लक्षात असू द्या.)

मग त्यांनी एक्सिलरेटर झटक्याने दाबला. सेन्सरचा आकडा क्षणात ०.८ च्या पुढे गेला आणि सोडल्यावर खाली आला. “बघा, सेन्सर जिवंत आहे. जे दिसतं ते सांगतो आहे.”

त्यानंतर गाडी बंद करून, थोडी निवू देऊन, त्यांनी एक प्लग काढला. प्लगचे टोक काळ्या कोरड्या काजळीने माखले होते. ही काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळते आहे याची खूण. ते म्हणाले, “कोड म्हणतो पातळ. प्लग म्हणतो दाट. दोघंही एकाच इंजिनाबद्दल बोलतात. मग आता बघायचं, सेन्सरला वास कुठल्या हवेचा येतो.”

इंजिन पुरते निवेपर्यंत अक्काने फराळ आणून ठेवला. बोलता बोलता मिस्त्रींनी २२ जुलै २०२१ च्या पुराची गोष्ट काढली. त्या दिवशी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले ते तुम्ही सर्वांनी ऐकले असेल. त्यांच्या गॅरेजात माणसाच्या डोक्यावरून पाणी गेले. भिंतीवरची खूण त्यांनी अजून पुसलेली नाही. पूर ओसरल्यावर महिनोन्‌महिने बुडालेल्या गाड्या येत राहिल्या, आणि प्रत्येकीत कोडांची रांगच रांग. “तेव्हा मी शिकलो,” ते म्हणाले. “कोडाप्रमाणे सेन्सर बदलत बसलो असतो तर लोक पुरात वाचून माझ्या बिलात बुडाले असते. निम्म्या गाड्यांत नुसते वायरीचे जोड गंजलेले. साफ केले, सुकवले, गाडी चालू.”

मग त्यांनी बादलीत साबणाचे पाणी केले. भाच्याकडून पानांचा कचरा उडवायचा ब्लोअर आणवला, त्याचे तोंड फडके गुंडाळून गाडीच्या सायलेन्सरच्या मागच्या टोकात बसवले आणि हळू हवा सोडली. पुढे बोनेटखाली इंजिनाला जेथे धुराची नळी बसते त्या जोडावर साबणाचे पाणी शिंपडले. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर आपण असेच काढतो. दोन क्षणांत एका कोपऱ्यातून बुडबुडे उठू लागले. तेथले गॅस्केट जळाले होते आणि एक नट ढिला होता.

ती फट सेन्सरच्या आधी होती. धुराचा प्रत्येक झोत गेला की मागे किंचित ओढ बसते, आणि त्या ओढीने बाहेरची ताजी हवा फटीतून आत येत होती. सेन्सरला त्या हवेतला प्राणवायू दिसला. त्याने इमानाने सांगितले, प्राणवायू उरला आहे. संगणकाने मानले, मिश्रण पातळ आहे, म्हणून पेट्रोल वाढवले. गाडी पेट्रोल पीत राहिली, प्लग काळे झाले, ॲव्हरेज घसरले. गार इंजिनात फट मोठी, म्हणून टिकटिक ऐकू येई. तापल्यावर लोखंड फुगून आवाज दबे, पण फट पुरती बुजत नसे. गॅरेजात गेल्यावर गाडी नेहमी गरमच असायची, म्हणून तो आवाज तेथे कोणाला ऐकू आला नाही. सेन्सर बदलल्यावर कोड पुसला म्हणून दिवा विझला, आणि संगणकाने पुन्हा तेच पाहिल्यावर पुन्हा लागला.

आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. माझे तीन हजार चारशे पखालीला गेले होते.

गॅस्केट मिस्त्रींच्या दुकानात होते. दुपारपर्यंत काम झाले. गॅस्केट, नट आणि मजुरी मिळून साडेआठशे रुपये झाले. मी डिकीतला जुना सेन्सर त्यांना दाखवला. त्यांनी तो बसवून पाहिला. आकडा व्यवस्थित झुलत होता. “हा ठेवा जपून. सेन्सर जुना होतो, सुस्त होतो, कधीतरी बदलावाही लागतो. तेल जळणाऱ्या इंजिनात लवकर मरतो. साधं सिलिकॉनचं गोंद जोडाला लावलं तर त्याच्या वाफेनंही मरतो. पण तो मेला हे आधी सिद्ध करायचं, मग पैसे खर्च करायचे.”

त्यांनी सांगितलेला क्रम मी तुमच्यासाठी लिहून आणला आहे. कोड आणि त्याबरोबरचे आकडे आधी वहीत लिहा. फ्यूज, वायर आणि जोड डोळ्यांनी पाहा. हवेच्या नळ्या आणि धुराची वाट कोठे फुटली आहे का ते पाहा. प्लग आणि हवेचा फिल्टर पाहा. सेन्सरचा आकडा झुलतो का ते पाहा. यातून काही निघाले नाही तर सेन्सरकडे जा. दिवा दिसू नये म्हणून बॅटरीची वायर काढून कोड घालवणे म्हणजे तापाचा काटा फोडून रोगी बरा झाला म्हणण्यासारखे. आणि जुनी गाडी विकत घेताना चावी फिरवून पाहा. इंजिन सुरू होण्यापूर्वी हा दिवा लागला पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर कोणीतरी तो झाकला आहे.

संध्याकाळी अक्काने ओवाळले. मी पाटावर बसलो होतो, पण डोक्यात दुसरेच चालले होते. मला २०१९ सालचा एक आल्याचा प्लॉट आठवत होता.

कराडच्या अलीकडे माझ्या एका शेतकऱ्याचे अर्धा एकर आले होते. त्या साली ऑगस्टात पाऊस किती झाला ते तुम्हाला सांगायला नको. त्याचा फोन आला, पाने पिवळी पडली. मी दुसऱ्या गावाला जाताना बांधावर पाच मिनिटे थांबलो, लांबून पिवळेपणा पाहिला आणि लोहाची कमतरता म्हणून फेरस सल्फेटची फवारणी चिठ्ठीवर लिहून दिली. मी कृषी पदवीधर. लोह कमी पडले तर कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात, आणि कंदकूज असेल तर खालची पाने शेंड्याकडून व कडांनी पिवळी होत येतात, बुंधा पाणथळ होतो आणि ओढला की सहज उपटून हातात येतो, हे मला पाठ होते. पण मी वाकलो नाही. एक बुंधा ओढून पाहिला नाही. त्याने फवारणी केली, पंधरा दिवसांत प्लॉट बसला. त्यानंतर त्या रस्त्याने जाताना मी दुसरीकडे पाहत असे.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. गाडी आता घाट चढत होती, म्हणजे दुरुस्तीची खरी परीक्षा. सौ. रस्त्यापेक्षा दिव्याकडेच जास्त पाहत होत्या. घाटमाथा आला, कोयनानगर गेले, हेळवाक गेले, दिवा लागला नाही. पाटणही मागे पडले. कराडच्या पुढे मी गाडी आत वळवली.

तो शेतकरी घरीच होता. दिवाळीचा पाहुणा म्हणून त्याने चहा-फराळ पुढे केला. मी फराळाला हात लावण्याआधी म्हणालो, “२०१९ साली आल्यात माझं चुकलं. ती कंदकूज होती. पाणी काढून द्यायला सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “साहेब, खालच्या अंगाला पाणी तुंबलंय हे मी तुम्हाला सांगायलाच लागलो होतो. पण तुम्ही चिठ्ठी लिहीत होता.”

यावर मला काही बोलता आले नाही. त्यानेच विषय पुढे नेला. “आलाच आहात तर शेजारचा प्लॉट बघता का? यंदा आलं त्यानं लावलंय. दोन ओळी पिवळ्या पडल्यात. दुकानदारानं दोन औषधं दिलीत, अजून मारली नाहीत.”

आम्ही गेलो. शेजारी बांधावरच भेटला. मी त्याला आधी विचारले, “तुम्हाला काय वाटतं?” तो म्हणाला, दोनच ओळी आहेत, बाकी प्लॉट हिरवागार आहे, रोग असता तर पसरला असता. मी खुरपे मागितले आणि बुटासकट सरीत उतरलो. बुंधा ओढला, तो घट्ट होता. खणून पाहिले, कंद निरोगी होता, पण माती पिठासारखी कोरडी. त्या दोन ओळींच्या ठिबकच्या नळ्या उचलून पाहिल्या तर तोट्या क्षारांनी बंद झाल्या होत्या.

नळ्यांची टोके उघडून दाबाने पाणी सोडायला सांगितले, आणि त्याने उरले तर आम्लप्रक्रिया कशी करायची ते समजावले. दुकानदाराची औषधे परत करायला लावली. चिठ्ठी लिहिलीच नाही.

तो जुना सेन्सर आता माझ्या कार्यालयाच्या टेबलावर असतो. शेतकरी येतात, हे काय म्हणून विचारतात. मी त्यांना खुर्चीवर बसवतो आणि म्हणतो, आधी तुमचे सांगा, मग ही गोष्ट सांगतो.